संगणकावर गाणें नीट कसें ऐकावें

संगणकावर गाणें ऐकण्याची सोय आतां पुष्कळ घरीं झाली आहे. पूर्वीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत ग्रामोफोन असे, पुढें त्याच्या जागीं रेडिओ आला, मग कॅसेटचें यंत्र आलें. आतां मेजावरचा संगणक, किंवा मुलानें नवा घेतल्यामुळें वडिलांकडे आलेला जुना लॅपटॉप तेंच काम करितो. तळहातावर मावेल एवढ्या डबींत शेंकडों तासांचें गाणें सांठवितां येतें. आणि मग ज्या घरांत गाण्याची आवड आहे त्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो: वाजविण्यासाठीं प्लेअर कोणता घ्यावा? कोणत्या प्लेअरमधून आवाज अधिक गोड, अधिक स्वच्छ येतो? हा प्रश्न मला इतक्या जणांनीं विचारला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर द्यावें असें वाटलें.

मी ध्वनिशास्त्राचा पदवीधर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून कर्जत तालुक्यांतील शाळांतून मुलांना शिकविण्यांत माझी सारी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर कोंडाणें येथें मी राहतों. परंतु गणित शिकविणाऱ्याला एक संवय जडते: कोणी कांहीं उत्तर सांगितलें कीं त्याचा ताळा करून पाहावयाचा. प्लेअरच्या बाबतींत मीं तेवढेंच केलें आहे.

उत्तर आधींच सांगून टाकतों. प्लेअरचें काम टपालवाल्याचें आहे. पत्र आलें तसें, न फोडतां, घरीं पोंचवावें; आंतला मजकूर सुधारण्याच्या भरीस पडूं नये. टपालवाले दोन असले आणि दोघेहि प्रामाणिक असले, तर दोघांनीं आणलेलें पत्र एकच असतें. म्हणून 'गोड आवाजाचा प्लेअर' असा कांहीं प्रकार नाहीं; पत्र फोडणारा आणि न फोडणारा असे दोनच प्रकार आहेत. गंमत अशी कीं, पत्र फोडणारा पुष्कळदां प्लेअर नसतोच. तो वाटेंत दुसराच कोणी बसलेला असतो. त्याला हुडकून काढणें हाच या विषयांतला खरा उद्योग.

ध्वनि म्हणजे हवेचा दाब कमीअधिक होणें. सीडीवर हा दाब एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजलेला असतो, आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेलें असतें. म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर दाब होता तें नोंदलेलें असतें. डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजू धरल्या तर हिशेब सेकंदाला १४,११,२०० बिटांचा होतो. १९८२ सालीं सीडी बाजारांत आली तेव्हांपासून हें प्रमाण ठरलेलें आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, दोन मापांच्या मधला आवाज यांत हरवतो आणि गवयाच्या मुलायम मींडेला जिन्याच्या पायऱ्यांचें रूप येतें. ही समजूत चुकीची आहे. ज्या कंपनांची संख्या मापांच्या संख्येच्या निम्म्याहून कमी आहे तीं सर्व कंपनें त्या मापांवरून पुन्हां जशींच्या तशीं, पायऱ्या न राहतां, उभीं करितां येतात. क्लॉड शॅनन यानें १९४९ सालच्या आपल्या निबंधांत ही गोष्ट सिद्ध करून मांडली. ४४,१०० चें निम्में २२,०५०. तरुण माणसाच्या कानाची धांव फार तर २०,००० पर्यंत. साठी उलटलेल्या माझ्यासारख्यानें त्याच्या निम्म्यावर समाधान मानावें.

आतां प्लेअर काय करितो? फाईलमधले हे अंक वाचून क्रमानें पुढें देतो. त्या अंकांचें विजेच्या लहरींत रूपांतर करणारें यंत्र निराळें. तें संगणकाच्या पोटांत असतें किंवा बाहेर स्वतंत्र डबींत असतें, आणि त्याला डॅक म्हणतात. दोन प्लेअरांनीं तेच अंक त्याच डॅकच्या हातीं दिले तर आवाजांत फरक पडण्यास जागाच उरत नाहीं. मग लोकांना फरक ऐकूं येतो तो कोठून? कांहीं वेळां तो मनाचा खेळ असतो. त्याविषयीं पुढें बोलूं. पण पुष्कळदां तो खराच असतो, आणि त्याचीं कारणें अगदीं साधीं असतात.

पहिलें कारण संगणकांतल्या 'सुधारणा'. बऱ्याच लॅपटॉपांत आवाज सुधारण्याची कांहीं ना कांहीं योजना विकतांनाच चालू करून दिलेली असते. लॅपटॉपचे स्पीकर सुपारीएवढे. त्यांचा दुबळेपणा झांकावा हा हेतु. एखादी योजना खर्ज फुगविते, एखादी आवाज खोलीभर पसरल्याचा भास करिते. यांपैकीं 'लाउडनेस इक्वलायझेशन' नांवाची योजना तर आपल्या संगीताची वैरीण आहे. बारीक आवाज आला कीं तो वाढवावयाचा, मोठा आला कीं दाबावयाचा, हें तिचें काम. चित्रपटांतली कुजबूज ऐकूं यावी आणि स्फोटानें शेजारी जागे होऊं नयेत एवढ्यासाठीं ती ठीक. ख्यालाला ती लावली म्हणजे काय होतें तें एकदां ऐकण्यासारखें आहे. गवई षड्ज लावून थांबतो; मागें तंबोऱ्याचा झंकार उरतो. हा आवाज बारीक आहे असें पाहून यंत्र त्याला वर उचलतें. दोन क्षणांत तंबोरा फुगून पुढें येतो, त्याच्याबरोबर मुद्रणांतली खरखरहि येते. इतक्यांत गवई पुढची जागा घेतो. यंत्र दचकून सगळेंच खालीं दाबतें, आणि तंबोरा एकदम नाहींसा होतो. ज्या तंबोऱ्याच्या आधारावर सारे सूर तोलावयाचे, तोच दर श्वासाला वरखालीं होऊं लागतो. गायकानें मुद्दाम आवाज बारीक करून एखादा स्वर जवळजवळ मनांतच ठेवला असला, तर तोहि हें यंत्र ओढून बाहेर काढतें आणि सम गांठतांना लावलेला भरदार आवाज त्याच्या रांगेंत आणून बसवितें.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या वडिलांनीं रेडिओवरून कॅसेटींवर घेतलेलें गाणें त्यांच्या मुलानें मोठ्या कष्टानें संगणकावर उतरविलें होतें. 'तंबोरा लाटेसारखा येतो-जातो, मुद्रण वाईट आहे' असें म्हणून ते तें सारें पुसून टाकण्याच्या विचारांत होते. मीं त्यांच्या लॅपटॉपवरची ही एक खूण काढली. मुद्रणांत कांहींच दोष नव्हता; वीस-पंचवीस तासांचें गाणें एका खुणेपायीं मरणार होतें.

म्हणून प्लेअर शोधण्याच्या आधीं हें करावें. विंडोज ११ मध्यें सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड अशा वाटेनें जाऊन आपल्या स्पीकरच्या नांवावर टिचकी मारावी. तेथें 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असें सदर आहे, तें 'ऑफ' करावें. विंडोज १० मध्यें साउंडच्या जुन्या खिडकींत स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज' उघडाव्या. 'एन्हान्समेंट्स' या पानावर सर्व सुधारणा बंद करण्याचा चौकोन असतो, त्यांत खूण करावी. याशिवाय लॅपटॉप बनविणाराचा स्वतःचा एखादा नादसुधारक प्रोग्रॅम आंत दडलेला असतो. तोहि बंद करावा. त्याच साउंडच्या खिडकींत 'कम्युनिकेशन्स' नांवाचें पान आहे. संगणकावर कोणाचा फोन आला कीं बाकीचे आवाज किती खालीं आणावे हें तेथें ठरतें. 'डू नथिंग' निवडावें. प्लेअरमध्यें स्वतःचा इक्वलायझर असतो, आणि त्यांत 'क्लासिकल' असें एक घर असतें. या नांवाला भुलूं नये. त्यांतला 'क्लासिकल' पाश्चात्य वाद्यवृंद डोळ्यांपुढें ठेवून केलेला असतो, आणि केव्हांहि झाला तरी तो मुद्रणावर चढविलेला हातच. व्हीएलसीसारख्या प्लेअरांत आवाजाचा दांडा शंभर टक्क्यांच्याहि पुढें जातो. तेथें तो नेला कीं लहरींचे शेंडे छाटले जातात आणि तार सप्तकांतला आवाज फाटतो. शंभराच्या पुढें जाऊं नये. कमी पडलें तर स्पीकरचें बटण फिरवावें.

दुसरा मध्यस्थ म्हणजे विंडोजचें स्वतःचें मिश्रणगृह. संगणकावर एका वेळीं गाणें चालतें, पत्र आल्याची घंटी वाजते, एखादें जाहिरातीचें चित्र बोलूं लागतें. हे सर्व आवाज एकत्र करून एकाच मापानें पुढें धाडावे लागतात. तें माप सेकंदाला ४८,००० वेळांचें ठेवलेलें असलें आणि आपलें गाणें ४४,१०० चें असलें, तर सगळें गाणें पुन्हां नव्यानें गणून काढलें जातें. या फेरगणनेमुळें आवाज बिघडलेला कानाला कळतो असें मी म्हणणार नाहीं. आजचें गणित बरेंच चोख असतें. तरीहि ती टाळणें फुकट असल्यामुळें टाळावी. ज्यांचा संग्रह मुख्यतः सीडीवरून उतरविलेला आहे त्यांनीं स्पीकरच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर २४ बिट, ४४,१०० हें माप निवडावें. त्याहून सोयीचें म्हणजे प्लेअरला 'एक्सक्लुझिव्ह', अर्थात् अनन्य वापराची मुभा द्यावी. मग गाणें चालू असेपर्यंत डॅक सर्वस्वी त्याचा असतो, फाईलचें जें माप असेल तेंच तो धरितो, आणि मालकंसाच्या आलापांत पत्राची घंटी वाजत नाहीं. मला विचाराल तर हा शेवटचा लाभ पहिल्या दोहोंपेक्षां मोठा. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' नांवाच्या खिडकींत हेंच माप हातानें ठरवावें लागतें.

याच ठिकाणीं एका भीतीचें निरसन करून टाकतों. प्लेअरमध्यें आवाज कमी केला तर बिटें कमी होऊन गुणवत्ता घसरते, म्हणून तो दांडा नेहमीं पूर्ण वरच ठेवावा, असा उपदेश ऐकूं येतो. आवाज निम्मा केला कीं एक बिट खर्च होतो हें खरें. पण १६ बिटांचें गाणें २४ बिटांच्या वाटेनें धाडलें कीं आठ बिट शिलकेंत असतात. आवाज आठ वेळां निम्मा-निम्मा करीत गेल्यावर मूळ पुंजीला हात लागावयाचा, आणि तेथपर्यंत गेल्यावर ऐकूं काय येणार?

आतां मालाविषयीं. पत्रच फाटलेलें आलें असेल तर टपालवाला काय करणार? एमपी-थ्री हा प्रकार जागा वाचविण्यासाठीं निघाला. कानाला फारसें कळणार नाहीं असें जें वाटतें तें तो टाकून देतो. १२८ च्या एमपी-थ्रीमध्यें सीडीच्या मानानें अकरावा हिस्सा मजकूर उरतो; तंबोऱ्याचे बारीक उपस्वर आणि तबल्याच्या चाटेची धार यांवर पहिली कात्री चालते. ३२० चा एमपी-थ्री मात्र नीट तयार केलेला असला तर मूळ सीडीहून निराळा ओळखणें बहुतेकांना जमत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. फ्लॅक हा प्रकार २००१ सालचा. तो फुकट आहे आणि त्यांत कांहींच टाकलें जात नाहीं, तरी जागा बहुधा निम्म्याच्या थोडी पुढेंमागें लागते. फ्लॅक म्हणजे घडी घातलेलें धोतर. उलगडलें कीं वीतभरहि कमी भरत नाहीं. एमपी-थ्री म्हणजे त्याच धोतराचा शिवलेला सदरा. सदरा चांगला बसेलहि, पण त्याचें पुन्हां धोतर होत नाहीं. इंटरनेटवरून घेतलेल्या एमपी-थ्रीचें फ्लॅक करून 'उत्तम प्रत' म्हणून एकमेकांस देण्याची चाल पडली आहे, तिचा अर्थ एवढाच कीं सदऱ्याला धोतराची घडी घातली. संशय आला तर ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्यें फाईल उघडून तिचें वर्णपटचित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्रॅम, पाहावा. आजच्या काळांतलें मुद्रण असून १६,००० च्या वर एकाएकीं कुऱ्हाडीनें तोडल्यासारखा अंधार दिसला, तर ती फाईल एकदां एमपी-थ्रीच्या कात्रींतून गेलेली आहे असें समजावें. जुन्या तबकड्यांना ही कसोटी लावूं नये. त्यांत त्या उंचीवर मुळांतच संगीत नसतें.

आपल्या संगीताच्या दृष्टीनें आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि प्लेअर निवडतांना खरें पाहावयाचें तें यांच्याकडेच. पहिली, खंड न पडणें. तिला 'गॅपलेस' म्हणतात. सीडीवर एकच राग पुष्कळदां दोन-तीन तुकड्यांत दिलेला असतो. एकांत विलंबित, पुढच्यांत द्रुत. मैफलीच्या मुद्रणांत मधें तंबोरा चालूच असतो. प्लेअरनें एक फाईल मिटून दुसरी उघडतांना अर्धा क्षण घेतला कीं तंबोऱ्याला उचकी लागते. एमपी-थ्रीची तर घडणच अशी कीं, फाईलच्या आरंभीं आणि शेवटीं थोडी शांतता चिकटते. ती किती हें फाईलवर लिहिलेलें असेल आणि प्लेअर तें वाचीत असेल, तरच ती कापली जाते. तासभर रंगलेल्या बैठकींत, जेथें श्रोत्यानें हालूंहि नये अशा ठिकाणीं हा झटका बसतो. व्हीएलसी हा प्लेअर चलच्चित्रांसाठीं उत्तम, कोणतीहि फाईल तो उघडतो. पण या कामीं तो उणा पडतो.

दुसरी गोष्ट आवाजाची पातळी जुळविण्याची. तिचें नांव 'रिप्ले गेन'. २००१ सालीं डेव्हिड रॉबिन्सन यानें ही पद्धति सुचविली. यांत प्लेअर सबंध फाईल आधीं तपासून तिचा सरासरी जोर काढतो, आणि 'हिला इतकें उणें, हिला इतकें अधिक' अशी चिठ्ठी फाईलला लावून ठेवितो. वाजवितांना सारी फाईल त्या एकाच मापानें वर किंवा खालीं होते; मधल्या चढउतारांना हात लागत नाहीं. वर ज्या 'लाउडनेस'ला मीं वैरीण म्हटलें तिच्याशीं याची गल्लत करूं नये. ती वाजत असतांना तराजू सारखा हालवीत राहते. हा आधीं एकदां पारडें बसवून बाजूला होतो. मात्र यांतहि दोन मार्ग आहेत. 'ट्रॅक' मार्गांत प्रत्येक फाईल स्वतंत्र तोलली जाते, 'आल्बम' मार्गांत सबंध सीडी एक धरून तोलली जाते. राग तीन फाईलींत असेल आणि 'ट्रॅक' निवडलें असेल, तर शांत आलाप उगाच वर चढतो आणि जोरकस द्रुत उगाच खालीं येतें. गवयानें तासभर रचलेला चढाव सपाट होतो. म्हणून बैठक ऐकतांना 'आल्बम'. निरनिराळ्या गायकांच्या सुट्या तबकड्या किंवा नाट्यपदें ओळीनें लावतांना 'ट्रॅक'. शेंडे छाटले जाऊं नयेत यासाठीं 'प्रिव्हेंट क्लिपिंग' असा पर्याय असतो, तो चालू ठेवावा.

आतां नांवें. विंडोजवर फूबार २००० हा प्लेअर मी सुचवितों. पीटर पावलोव्स्की यानें २००२ सालीं तो प्रथम बाहेर काढला. तो फुकट आहे, दिसावयास रुक्ष आहे, आणि आपल्या अकलेनें आवाजांत ढवळाढवळ करीत नाहीं. त्याच्या 'आउटपुट'च्या यादींत आपल्या डॅकचें नांव दोनदां दिसतें. ज्यापुढें 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलें असेल तें निवडावें. रिप्ले गेन आणि गॅपलेस दोन्ही त्यांत आहेत, आणि देवनागरींत लिहिलेलीं राग-गायकांचीं नांवें तो नीट दाखवितो. ज्यांना चित्रें आणि मुखपृष्ठें पाहावयाची हौस आहे त्यांनीं म्यूझिकबी घ्यावा. घरगुती वापराला तोहि फुकट आहे. लिनक्सवर स्ट्रॉबेरी किंवा डेडबीफ. पैसे देऊन घ्यावयाचे प्लेअरहि आहेत, आणि कोणाला त्यांची मांडणी सोयीची वाटली तर अवश्य घ्यावे. पण सोयीसाठीं घ्यावे, आवाजासाठीं नव्हे. आवाज तोच असतो.

हें वाक्य वाचून कांहीं वाचक नाराज होतील. 'आम्हीं स्वतःच्या कानांनीं फरक ऐकला आहे' असें ते म्हणतील. आमच्या ऐकणाऱ्या मंडळींत असेच एक जाणकार आहेत. कान तयार, सूर जरा हालला तरी मान हालते. अमुक प्लेअर तमुकाहून मुलायम आहे अशी त्यांची खात्री. तपासून पाहिलें तेव्हां त्यांचा आवडता प्लेअर किंचित् मोठ्यानें वाजत होता. हा या विषयांतला सर्वांत जुना चकवा आहे. दोन सारख्या आवाजांतला एक जरासाच मोठा केला, तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाहीं. 'स्पष्ट', 'भरदार', 'जिवंत' म्हणतो. दोन्ही पातळ्या तंतोतंत जुळवून, कोणता वाजतो आहे हें न सांगतां, मीं त्यांना सोळा वेळां ओळखावयास सांगितलें. नऊ वेळां बरोबर आलें. नाणें उडवून सोळांत आठ येतात. निदान बारा आले असते तर मीं मान तुकविली असती, कारण नुसत्या दैवानें सोळांत बारा किंवा अधिक येण्याचा संभव शंभरांत चारांहूनहि कमी असतो. फूबारला 'एबीएक्स' नांवाची एक पुरवणी जोडतां येते. ती हीच परीक्षा घरबसल्या घेते. तीस हजारांची वायर घेण्यापूर्वीं प्रत्येकानें ती एकदां स्वतःला द्यावी.

मोठ्या प्रमाणावर असाच एक प्रयोग अमेरिकेंत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनीं करून २००७ सालीं प्रसिद्ध केला. सीडीहून उंच दर्जाचें म्हणून विकलें जाणारें मुद्रण एकदां जसेंच्या तसें आणि एकदां सीडीच्या मापांतून काढून लोकांना ऐकविलें. ५५४ वेळां विचारलें. २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. प्रयोगावर आक्षेपहि घेतले गेले, पण निम्म्याहून एकच कमी हा आंकडा बोलका आहे. ९६,००० आणि १,९२,००० च्या फाईली मुद्रण करणाराला आणि जुनें मुद्रण दुरुस्त करणाराला उपयोगी पडतात. ऐकणाराला त्यांनीं भुरळ पाडूं नये.

फरक खरा कोठें पडतो तें सांगतों. ब्लूटूथचा हेडफोन लावला कीं संगणक गाणें पुन्हां दाबून हवेंतून धाडतो. वर केलेल्या सर्व बंदोबस्ताला तेथें बगल मिळते. त्यांतून त्या हेडफोनचा बोलण्याचा माइक चालू राहिला, तर पुष्कळ यंत्रें सारा आवाज टेलिफोनच्या दर्जाला आणून ठेवितात, आणि मनुष्य प्लेअरला दोष देतो. निवांत ऐकावयाचें असेल तेव्हां वायरीचा हेडफोन किंवा वायरीचे स्पीकर लावावे. चार्जर जोडला कीं स्पीकरांत भुणभुण येत असेल, तर चार्जर काढून पाहावा. भुणभुण गेली तर दोष विजेच्या आणि अर्थिंगच्या जोडणींत आहे, आणि त्यासाठीं वायरमन बोलवावा, नवा प्लेअर नव्हे. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं आणि भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें तें मुंबईसाठीं. आमच्या बाजूच्या जुन्या घरांत अजूनहि तीन छिद्रांच्या खोबणींत तिसऱ्या छिद्राला आंत कांहींच जोडलेलें नसतें.

आणि खोली. कोंडाण्याचीं लेणीं आमच्या गांवाजवळ, राजमाचीच्या पायथ्याशीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं. तेथल्या चैत्यगृहांत टाळी वाजविली तर दगड ती कांहीं काळ धरून ठेवितो. खालीं भाताच्या खांचरांत तीच टाळी लगेच विरून जाते. शहरांतल्या फरशीच्या, कांचेच्या आणि उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यांत थोड्या प्रमाणांत लेण्यासारखीच स्थिति असते. तानेचे दाणे एकमेकांवर सांडतात. एक जाड सतरंजी, एक पुस्तकांचें कपाट आणि भिंतीपासून हातभर पुढें ओढलेले स्पीकर एवढ्यानें जो फरक पडतो तो कोणत्याहि प्रोग्रॅमनें पडत नाहीं. आषाढ-श्रावणांत पत्र्यावर आमच्याकडचा पाऊस पडूं लागला म्हणजे मात्र हेडफोनशिवाय इलाज नाहीं.

शेवटीं जुन्या तबकड्यांविषयीं, कारण पुष्कळ घरांत आजोबांच्या तबकड्या आतां संगणकावर उतरविल्या जात आहेत. आपल्या देशांत ग्रामोफोनसाठीं गाण्याचें मुद्रण १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहर जान यांच्या गाण्यापासून जोरानें सुरू झालें. १९२५ च्या आधीं कर्ण्यांत गाऊन मुद्रण होई. त्यांत साधारण पांच हजारांच्या वर संगीत जवळजवळ नसतें, असते ती खरखर. यांच्या बाबतींत पत्र न फोडण्याचा नियम मी थोडा सैल करितों. या तबकड्या एकाच वाहिनीच्या. पण उतरवितांना डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांवर उतरतात, आणि दोहोंकडची खरखर निरनिराळी असते. प्लेअरमध्यें 'डाउनमिक्स टु मोनो' हें लावलें कीं दोन्हीकडचें गाणें एकांत एक बसतें आणि खरखर अंशतः एकमेकींना मारते. गाण्याचें यांत कांहींच जात नाहीं. खरखर पुसणारे प्रोग्रॅम मात्र जपून वापरावे. ते खरखरीबरोबर तंबोरा आणि आवाजांतला श्वास नेतात.

याहून महत्त्वाची गोष्ट गतीची. '७८ फेऱ्यांची' म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जुनी तबकडी खरोखर ७८ वर मुद्रित झालेली नसे. ७४ वर घेतलेली तबकडी ७८ वर वाजविली तर सूर जवळजवळ एका अर्धस्वरानें चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो, आवाज कोंवळा होतो आणि ताना नको तितक्या चपळ होतात. पुष्कळ थोर गवयांविषयीं 'आवाज बायकी होता' असा जो शेरा आपण सहज मारतों, त्यांतले कांहीं शेरे गतीच्या खातीं जमा करावे लागतील. हें बहुतेक प्लेअरांच्या वेग बदलणाऱ्या बटणानें सुधारत नाहीं, कारण तें वेग बदलून सूर तोच राखतें; ऑडॅसिटींत वेग आणि सूर बरोबर बदलणारी क्रिया आहे, ती वापरावी. गायकाची पट्टी अन्य पुराव्यानें ठाऊक असेल तर पेटीशीं सूर जुळवून गति ठरवावी, आणि मूळ प्रत न बदलतां निराळी ठेवावी. अशा माहितीसाठीं मुंबईंतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या १९९० सालीं स्थापन झालेल्या संस्थेचें 'द रेकॉर्ड न्यूज' हें नियतकालिक चाळावें. तबकड्यांचे क्रमांक, गायक आणि कंपन्या यांविषयीं त्यांत पुष्कळ आहे.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आंतबाहेरची. त्या तबकडीबरोबर ती किती गतीनें फिरवावी याची चित्रखूण कोरून दिलेली आहे. घरच्या तबकड्या उतरवितांना आपणहि फाईलच्या नांवांत गति, उतरविल्याची तारीख आणि तबकडीवरचा क्रमांक लिहून ठेवावा.